थांबायचं सोडून सगळं

"मला न्यायचं तर गाडीवरनं न्या. खांद्यावरनं न्यायला अजून येळ हाय," असं सांगून गोजाबाईंनी फोन ठेवून दिला. संत तुकाराम नगरमधल्या आपल्या स्वयंपाकघरात वासंती हातात फोन घेऊन उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघू लागली. नंदकिशोर पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होता. त्याने बशी बाजूला सारली, कारण सासूबाई बोलल्या की काहीतरी करावं लागतं, हे त्याला अनुभवाने कळलेलं होतं.

गोजाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पिंपरीतल्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि या वेळी ती चुकली तर पुढचं सांगता येत नाही असंही बजावलं होतं. अडचण फक्त रस्त्याची होती. चाकणच्या पलीकडे, धरणामागे त्यांची वाडी. डांबरी रस्ता फाट्यावर संपायचा, आणि पुढे दगडधोंडे, ओढा आणि चढ. जीप फाट्यापाशीच थांबे आणि गोजाबाईंच्या गुडघ्यांना तेवढं चालवत नसे. गेल्या पावसाळ्यात नंदकिशोर त्यांना आणायला जुनी स्कूटर घेऊन गेला, तर ती ओढ्यातच बसली. वाडीतल्या चार माणसांनी ती उचलून बाहेर काढली आणि तारीख हुकली.

"आईचे डोळे जातील हो अशाने," वासंती म्हणाली. "आणि ऑपरेशन झालं तरी म्हणतेय, लगेच परत सोडा. एकटीच राहणार तिथं. मला रात्री झोप लागत नाही."

नंदकिशोरला बायकोची माया होती, पण ती बोलून दाखवायची सवय नव्हती. त्याने ठरवलं की आता गाडीच घ्यायची. रोज भोसरी-मोशीच्या गर्दीतून चाकणच्या कंपनीत नेईल आणि सुट्टीच्या दिवशी वाडीचा चढही चढेल, अशी एकच गाडी.

आता या पट्ट्यात मोटारसायकल ही कुणाला मोटारसायकल म्हणून दिसतच नाही. प्रत्येकाने तिचा एकेक तुकडा कुठे ना कुठे बनवलेला असतो. नंदकिशोर स्वतः गियर तपासायचा. त्याच्या लाइनवरचा ज्योतीराम आधी ब्रेकच्या कंपनीत होता. बीडहून आलेल्या समाधानने भोसरीच्या वर्कशॉपमध्ये कैक वर्षं शॉकअप जोडले होते. कँटीनमध्ये विषय निघाला आणि ताटातली आमटी गार झाली.

"नंदूभाऊ, गाडी घ्यायची तर शॉकअप बगा," समाधान म्हणाला. "बाकी समदं दिखावा हाय."

"शॉकअपनं गाडी थांबती का?" ज्योतीराम म्हणाला. "उतारावर ओढ्यात जायचंय भावा त्यांना. ब्रेक बघा."

"थांबंल कशाला? मस्त चढावरनं जाती की."

"चढून वर गेल्यावर थांबायचं नाही का?"

हा प्रश्न ज्योतीरामने सहज विचारला होता. पुढे जे झालं ते पाहता, तिथेच जरा विचार व्हायला हवा होता.

शनिवारी तिघे मिळून शोरूममध्ये गेले. वाकून कंबर मोडणाऱ्या आणि टाकीवर पोट चेपणाऱ्या कितीतरी गाड्या नापास करून शेवटी एक उमदी, उंच गाडी त्यांच्या मनात भरली. टायर दणकट, खालून दगड लागू नये म्हणून पोट चांगलं वर उचललेलं, आणि तरी शहरात चालवायला हलकी. ज्योतीराम फरशीवर आडवा होऊन ब्रेक बघू लागला. समाधानने शॉकअप दाबून दाबून डोळे मिटून आवाज ऐकला. नंदकिशोरने गियरचा खटका ऐकला आणि मान डोलावली.

"सर, एकदा बसून बघता का?" शोरूममधली अनुया नावाची मुलगी म्हणाली.

"आधी खालून होऊ दे," नंदकिशोर म्हणाला.

मग चालवूनही पाहिली. फूटपाथच्या कडेवरून तो गाडीवर चढला, पुढच्या चौकातून वळून आला, आणि परत येताच दोघा मित्रांनी दोन्ही बाजूंनी गाडी धरली, कारण त्यांना गरम झालेल्या भागांना हात लावून बघायचा होता. पाय टेकायची वेळच आली नाही.

"मॅडमना पण आणा ना. मागे बसून बघतील," अनुया म्हणाली.

"त्या काय, रंग सांगतील," नंदकिशोर म्हणाला, आणि तिघेही हसले.

हे हसणं वाचकांनी लक्षात ठेवावं. त्या तिघांत एक ब्रेकवाला होता, एक शॉकअपवाला होता, एक गियरवाला होता. सीटच्या कंपनीतलं कुणी नव्हतं.

हार घालून, नारळ फोडून, पेढ्यांचा पुडा हँडलला लटकवून नंदकिशोर घरी निघाला आणि पहिल्याच सिग्नलला लाल दिवा लागला. ब्रेक उत्तम होते. गाडी जागच्या जागी थांबली. नंदकिशोरने डावा पाय खाली सोडला, तो हवेतच राहिला. उजवाही सोडून पाहिला. गाडी संथपणे डावीकडे कलू लागली आणि शेजारच्या रिक्षाला जाऊन टेकली.

"टेका काका, टेका," रिक्षावाला समजुतीने म्हणाला. "पेढे कसले?"

नंदकिशोरने त्याला दोन पेढे दिले. सिग्नल सुटेपर्यंत त्याला सगळा उलगडा झाला होता. ही गाडी कुठेही जाऊ शकत होती. थांबू मात्र मोजक्याच ठिकाणी शकत होती.

घरी त्याने काही सांगितलं नाही. एवढ्या अभ्यासाने घेतलेली गाडी आपल्याला मोठी होते, हे शाळेच्या गणवेशाबद्दल सांगता येतं, गाडीबद्दल नाही. तो फूटपाथ बघून थांबू लागला. भोसरीच्या सिग्नलला कुठला टेम्पो कुठे उभा राहतो हे त्याला पाठ झालं. कंपनीच्या गेटवर वॉचमन सोपानराव ओळखपत्र बघायला थांबवायचे, तेव्हा तो लांबूनच ओरडायचा, "सोपानराव, आधी गाडी धरा, मग कार्ड बघा."

आणि मग वाडीला जायचा रविवार उजाडला. वासंतीने बेत आखला होता. गाडीवरून दोघांनी जायचं, आईला फाट्यापर्यंत नंदकिशोरने आणायचं, जीपमध्ये बसवायचं, मग परत जाऊन वासंतीला आणायचं. ती साडी सावरत खाली आली, गाडीकडे बघितलं, मागच्या सीटकडे बघितलं आणि म्हणाली, "यावर?"

शेवटी नंदकिशोरने इमारतीच्या पंपरूमच्या ओट्याला गाडी लावली आणि वासंती ओट्यावरून एका अंगाने सीटवर बसली. गाडी निघाली. मोशी आली तेव्हा ती म्हणाली, "चहा घेऊ या ना."

"पुढे घेऊ."

"पुढे कुठे?"

"ओटा दिसेल तिथे."

मघाशी भोसरीला त्याने टेम्पोचा कठडा धरला होता, ते वासंतीने पाहिलं होतं.

"तुमचे पाय टेकत नाहीत ना?"

"शॉकअप फार चांगले आहेत," नंदकिशोर म्हणाला.

"मला एकदा बसवून का नाही बघितलंत?" उत्तरही तिनेच दिलं. "मी रंग सांगेन असं वाटलं असेल. उंच आहे हे सांगितलं असतं मी. रंगही सांगितला असता. हा मळतो."

फाटा मागे पडला आणि कच्चा रस्ता सुरू झाला. इथे मात्र गाडीने शब्द पाळला. दगडांवरून ती अलगद गेली, ओढ्यातून पाणी उडवत गेली, चढावर एकदाही कण्हली नाही. वासंतीने नवऱ्याचा खांदा घट्ट धरला आणि आनंदाने म्हणाली, "चढली की हो." नंदकिशोरची छाती फुलली. आपले पाय हवेत आहेत हे तो पार विसरला, ते थेट सासूबाईंच्या अंगणात आठवलं.

अंगण सपाट, सारवलेलं. घराचं जोतं चांगलं उंच, पण त्याच्या कडेने सरपण रचलेलं. टेकायला जागाच नाही. नंदकिशोरने अंगणाला एक फेरी घातली. कोंबड्या पळाल्या. त्याने दुसरी घातली.

पडवीत काठी घेऊन बसलेल्या गोजाबाईंनी कान टवकारले. "कोण हाय? भंगारवाला का?"

"आई, मी वासंती."

"मग घिरट्या का घालतीस? उतर की."

"उतरता येत नाही गं."

तिसऱ्या फेरीला नंदकिशोरने गोठ्याशेजारचा भाताच्या पेंढ्याचा ढीग हेरला आणि गाडी तिकडे वळवली. जावई, लेक आणि गाडी तिघेही हळूच पेंढ्यात आडवे झाले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

"काय पडलं गं?"

"काही नाही आई, उतरलो."

"उतरल्याचा आवाज न्हाई त्यो," गोजाबाई म्हणाल्या. "पन असूंदे."

नंदकिशोर केसांतला पेंढा काढत पडवीत आला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आई, गाडी उंच आहे," तो म्हणाला. "माझे पाय पुरत नाहीत. तुम्हाला बसवायची भीती वाटते मला. चूक माझीच झाली." त्याचा आवाज पडला होता. दुसऱ्यांदा तारीख हुकणार आणि तीही आपल्यामुळेच, या विचाराने त्याला रडू येईलसं वाटत होतं.

गोजाबाई उठल्या आणि गाडीपाशी जाऊन त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. टायर, टाकी, सीट, सगळं चाचपलं.

"म्हशीपरीस उंच हाय व्हय?"

"थोडीशी."

"पुरात म्हशीवर बसून वढा वलांडलाय आमी. वासे, सरपान सार तिकडं."

वासंतीने जोत्याची कड मोकळी केली. नंदकिशोरने गाडी पेंढ्यातून उचलून तिथे लावली. गोजाबाईंनी नऊवारीचा कासोटा घट्ट केला, जोत्यावरून टांग टाकून मांड ठोकली आणि पदरावरून वासंतीचं हेल्मेट चढवून घेतलं. काठी डाव्या हातात.

"थांबायचं झालं की सांगा, जावईबापू. मी टेकीन."

नंदकिशोरला हे थट्टेचं वाटलं होतं, पण ओढ्याच्या अलीकडे गुरं आडवी आली. "आई, टेका," तो घाबरून म्हणाला. काठी खाली गेली, दगडावर टक्क वाजली आणि गाडी सरळ उभी राहिली. ज्योतीरामच्या ब्रेकनंतर जे काही राहिलं होतं, ते म्हातारीने पुरं केलं.

फाट्यावर जीप उभी होती, पण गोजाबाई उतरेनात. "चढले ती चढले. आता पिंपरीतच उतरीन." तेव्हा जिने हा बेत आखला होता ती वासंती फोनवर निरोप मिळताच चपला हातात घेऊन ओढा ओलांडत चालत आली आणि जीपने पुढे गेली. चाकणच्या चौकात गाड्या अडकून पडल्या होत्या. नंदकिशोर "टेका" म्हणायचा, काठी टेकायची. "उचला" म्हणायचा, काठी वर जायची. ट्रॅफिक पोलिसाने त्या दोघांकडे बराच वेळ बघितलं. हेल्मेट दोघांनाही होतं आणि काठीबद्दल कुठला नियम त्याला आठवेना, म्हणून त्याने हात करून त्यांना जाऊ दिलं.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. घरी आल्यावर वासंती आईला धरून इमारतीखाली घेऊन आली. गोजाबाईंनी आधी आभाळ बघितलं, मग लेकीचं तोंड बघितलं आणि "किती वाळलीस गं" म्हणाल्या. मग पंपरूमच्या ओट्याला लावलेली गाडी त्यांना दिसली. त्यांनी ती चाकापासून आरशापर्यंत नीट न्याहाळली.

"ह्याच्यावर बसून आले मी?"

"हो," नंदकिशोर म्हणाला. "उद्या परत सोडतो तुम्हाला."

"मी न्हाई बसायची. तवा दिसत न्हवतं म्हनून बसले."

"मग वाडीला कशी जाणार आई?" वासंतीने जपून विचारलं.

"न्हाई जात. ऱ्हाते हितंच."

वासंतीने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. मग पुढे होऊन तिने गाडीच्या टाकीवरची धूळही त्याच पदराने पुसली. घेतल्यापासून तिने गाडीला प्रेमाने हात लावलेला हा पहिलाच प्रसंग होता.

गोजाबाई अजून बघतच होत्या. आधी गाडीकडे, मग तिच्या शेजारी उभ्या असलेल्या जावयाकडे, डोक्यापासून पायापर्यंत. "जावईबापू, तुमी एवढं बुटकं हाय व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "तरी आनलंत मला."

आणि त्यांनी हातातली काठी त्याच्यापुढे धरली. "मला आता दिसतंय. ही तुमालाच लागंल."

नंदकिशोरने ती घेतली. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीशेजारी बांधून तो चाकणला गेला. गेटवर सोपानराव सवयीने गाडी धरायला पुढे आले, तेव्हा त्याने काठी टेकली आणि कार्ड काढून दाखवलं.