स्वेटर न घेता खिंडीकडे

"ट्रेक म्हणजे वजन! ज्याचं ओझं हलकं, त्याला डोंगर बुटका!" दातांच्या डॉक्टरांनी हे आठवडाभर प्रत्येक पेशंटला ऐकवलं. तोंडात नळी असल्यामुळे पेशंट नुसते "आँ आँ" करायचे. डॉक्टर ती दाद समजायचे!

खिंड ओलांडून पलीकडच्या दरीत उतरायचं, तंबूत राहायचं, ही सहल त्यांनी बायकोला लग्नाच्या आधीच कबूल केली होती. आता कुठे मुहूर्त लागत होता. डॉक्टरांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा हॉलमध्ये आणला आणि एकेक वस्तू जोखायला घेतली. टूथब्रशच्या दांड्यासुद्धा कापल्या! शेवटी काट्यावर बायकोचा स्वेटर आला.

"बाद!"

"अहो, डोंगरावर जातोय आपण!"

"अगं, थंडी केव्हाच संपली. माझाही बाद, बघ!"

डोंगराच्या पायथ्याशी लॉज होतं. सकाळी निघताना लॉजवाल्या मावशी आभाळाकडे बघून म्हणाल्या, "थांबा हो आजचा दिवस. वर बर्फ येतोय."

"मावशी, हंगाम संपला! आता काय पडणार, साबुदाणा?" स्वतःच्या विनोदावर हसत डॉक्टर चढायला लागले.

लॉजमागचा लांबलचक उतार चढून होतो न होतो, तोच साबुदाणा सुरू झाला. मग त्याचा कापूस झाला. मग कुणीतरी वरून गाद्याच फाडतंय असं वाटायला लागलं! खिंड गायब, वाट गायब, डॉक्टरांचं नाक तेवढं लालभडक दिसत होतं.

"अहो, माझे दात वाजतायत!"

"वरचे की खालचे?" डॉक्टरांनी सवयीने विचारलं. बायकोने असं काही बघितलं, की त्यांचे स्वतःचे दोन्ही वाजायला लागले.

स्वेटर नव्हते, पण स्लीपिंग बॅगा होत्या! दोघं बॅगांमध्ये शिरली आणि गळ्यापर्यंत चेन ओढली. बॅगांच्याच केसाळ टोप्या नाकातोंडावरून ओढल्या, डोळे तेवढे बाहेर. हात आत अडकल्यावर सॅक कोण उचलणार? "ढकल खाली! उतार थेट लॉजवर जातो," डॉक्टर म्हणाले. दोघांनी एकेक ढुशी दिली. सॅक गडगडत गेल्या, मागून दोघं टुणटुण उड्या मारत निघाली.

खाली अंगणात दोन सॅक येऊन आदळल्या. माणसांचा पत्ता नाही! लॉजमधले सगळे पाहुणे धावत बाहेर आले. वर बघतात तर बर्फातून दोन तपकिरी, केसाळ टोप्यांची धुडं उड्या मारत येतायत!

"अस्वलं!" कुणीतरी किंचाळलं.

"अगं बाई! डॉक्टरांना खाल्लं आणि सामान फेकून दिलं!" मावशींनी कपाळावर हात मारला. "परातीऽऽ आणा! वाजवा!"

परातींचा दणदणाट सुरू झाला. वर डॉक्टरांना वाटलं, स्वागत चाललंय! "आम्हीच आहोत!" ते ओरडले. टोपीतून बाहेर पडलं फक्त "आँऽऽ आँऽऽ!"

"गुरगुरतंय हो!" खालून एक बादली भिरभिरत आली. ती चुकवायला डॉक्टर वाकले, बायकोवर आदळले, आणि दोघं आडवी झाली. बॅगांचं कापड गुळगुळीत. सूंऽऽई! दोघं बाणासारखी अंगणात शिरली आणि मावशींच्या पायाशी येऊन थांबली. मावशींनी परात उगारली. तेवढ्यात एका अस्वलाची चेन उघडली आणि आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

डॉक्टर बॅगेतूनच बायकोकडे बघायला लागले. इतक्या वर्षांची सहल मातीमोल, नव्हे, बर्फमोल! आता ही रडणार, नाहीतर माहेरी फोन लावणार.

बायकोने केसांतला बर्फ झटकला. गाल टोमॅटोसारखे झाले होते. "अहो!" ती ओरडली, "पुन्हा एकदा!"

खिंड काही उघडली नाही. पण त्या दिवशी डॉक्टर डोंगर भरपूर चढले. दोन्ही स्लीपिंग बॅगा खांद्यावर टाकून तोच उतार वर, घसरणाऱ्यांच्या मागे धावत खाली, परत वर. बायको झाली, पाहुणे झाले. दमून ते जरा ओसरीवर टेकले, तर समोर मावशी पदर खोचून उभ्या!

"डॉक्टर, बसलात काय? माझा नंबर आहे!"