पोर्तुगालचं घर कराडला राहायला आलं

पोर्तुगालमध्ये आम्ही सुट्टीसाठी घेतलेलं घर या वैशाखात आमच्याकडे कराडला सुट्टीला आलं.

चूक कुमुदची, म्हणजे माझ्या बायकोची. मागच्या खेपेला तिथून निघताना ती सवयीने दाराला म्हणाली होती, "आमचं फार केलंस. आता तूही ये एकदा आमच्याकडे." असं आपण सगळ्यांनाच म्हणतो, आणि कोणी येत नाही या भरवशावरच म्हणतो. पण हे त्या घराला कोण सांगणार?

ते मुंबई बंदरात उतरलं आणि महामार्गाने आलं. टोलनाक्यावर त्याला अवजड वाहनांच्या रांगेत लावलं होतं, त्यात एका बाजूचा रंग खरचटला. मी स्कूटर हलवून शेवग्याखाली जागा करून दिली. दोन खोल्या, पांढऱ्या भिंती, निळं दार. रिकाम्या हाताने आलं नव्हतं; आत टोपलीभर लिंबं होती, त्याच्याच झाडाची. कुमुदने उंबऱ्यावर पाणी घातलं आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला.

माझी पंचाईत वेगळी होती. हे घर मी विकायला काढलं होतं.

शेजारचे पिसाळ मला नेहमी विचारायचे, "सर, परदेशात घर घ्यावं का ओ?" मी निवृत्त भूगोल शिक्षक, त्यामुळे परदेशाचे प्रश्न माझ्याकडेच येतात. मी सांगायचो, फायदा असा की लग्नाच्या पंगतीत 'आमच्या पोर्तुगालच्या घरी' हे शब्द सहज टाकता येतात. शिवाय दारात समुद्र. तोटा असा की समुद्र त्या दारात आणि आपण या दारात. तिथला नळ गळतोय का, ही काळजी इथे बसून करायची, आणि वर्षातून एकदा सुट्टीला म्हणून जायचं ते जळमटं काढायला.

गिऱ्हाईकही मिळालं होतं, तिकडचाच एक दंतवैद्य. फक्त कुमुद हो म्हणत नव्हती. आता तर तिने मला अंगणाच्या टोकाला नेऊन बजावलं, "पाहुणं दारात असताना विकायची भाषा नको. ऐकू जातं त्याला."

थोड्याच दिवसांत नगरपालिकेचे अभियंता तांबवेकर आले.

"लाटकर सर, बांधकाम विनापरवाना दिसतंय."

"बांधकाम नाही, पाहुणा आहे."

तांबवेकरांनी उकिडवं बसून घराखाली पट्टी सरकवली. ती आरपार गेली. "टेकलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे पाहुणाच. पण पावसाळ्याआधी निघायला पाहिजे. माती ओली झाली की पाया धरतंय, आणि मग आम्हाला पाडावं लागतं. वाईट आम्हालाही वाटतं, सर."

कुमुदने त्यांना लिंबाचं सरबत दिलं. ते त्यांनी पाहुण्याच्याच पायरीवर बसून प्यायलं.

दुपारी दोन्ही घरं समोरासमोर खिडक्या उघडून बसू लागली. आमचं घर तसं घुमं. त्याचं स्वयंपाकघराचं दार खांदा लावल्याशिवाय कधी उघडलं नव्हतं, ते आता आपणहून उघडायला लागलं. पाहुण्याच्या खोल्यांतला खारा वारा आमच्या पडद्यांपर्यंत येई आणि आमच्या फोडणीचा वास तिकडे जाई. पिसाळ कुंपणावरून म्हणाले, "सर, तुमचं घर हसल्यावानी दिसतंय."

एका दुपारी मी पाहुण्याकडे जरा आडवा झालो. जाग आली तेव्हा पश्चिमेची खिडकी हळूच लोटून घेतलेली होती, माझ्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून. हे माझ्यासाठी यापूर्वी फक्त माझ्या आईने केलं होतं. ते घर माझं लाडकं झालं होतं, त्यात लाजायचं काय? मी उठून दंतवैद्याला फोन केला आणि घर विकायचं नाही म्हणून सांगितलं.

कुमुदला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "कळलं मला. निळं दार मघापासून खुशीत करकरतंय."

आकाशात ढग जमू लागले तशी आम्ही त्याची पाठवणी केली. कुमुदने उंबऱ्यावर तांदूळ, नारळ आणि खण ठेवून ओटी भरली. त्याच्याच लिंबांचं लोणचं बरणीत घालून दिलं. "पोचेपर्यंत मुरेल," ती म्हणाली. मी म्हटलं, "पोचल्यावर कळव."

ते फाटकाबाहेर जाऊन थांबलं. पुढे जाईना.

"काही राहिलं का रे?" कुमुदने विचारलं.

तेवढ्यात आमच्या घराने जोत्यावरून एक पाऊल खाली टाकलं.

"तू कुठे निघालास?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"त्याने बोलावलं असणार," कुमुद म्हणाली. "आणि ते काही आपल्यासारखं वरवरचं म्हणत नाही. आपण दरवर्षी सुट्टीला जातो, हे बिचारं राखण करत बसतं. जाऊ द्या त्याला."

आम्ही देव, गॅस आणि दोन सतरंज्या तेवढ्या बाहेर काढून घेतल्या. पिसाळांनी ताडपत्री आणून दिली. तांबवेकर मुद्दाम आले होते. त्यांनी आमच्या घराचा जुना बांधकाम परवाना वाचला, घराने जाऊ नये असं त्यात कुठेच नव्हतं, म्हणून चौकात उभं राहून त्यांनी वाहनं थांबवली.

दोन्ही घरं रस्त्याने निघाली. आमच्याला चालायची सवय नव्हती, ते भिंत धरल्यासारखं कडेकडेने चाललं होतं. त्याला काय सांगावं ते मला सुचेना. आजवर जे काही बोललो ते त्याच्या आत बसूनच.

कुमुद मात्र पदर सावरत फाटकापर्यंत धावली.

"जपून जा," तिने हाक मारली. "आणि घरी ये रे लवकर."

कोपऱ्यावर आमचं घर थांबलं. स्वयंपाकघराचं दार एकदा उघडलं, मिटलं, आणि ते वळणाआड गेलं.

आम्ही मागे फिरलो. चपला काढल्या, जिथे दार होतं तिथूनच जोत्यावर आत गेलो, आणि कुमुदने चहा ठेवला.