वास विभागाचा ‘उत्तम’ शेरा

माणसाच्या सगळ्या अवयवांत नाकाइतका बेभरवशाचा कर्मचारी दुसरा नाही. पूर्वसूचना न देता ते संपावर जातं आणि मागण्याही कळवत नाही. हे ओळखून आमच्या साबण कारखान्याने नाकांच्या रक्षणासाठी जे केलं, ते इतरांनी गिरवण्यासारखं आहे. (मी तिथे वास विभागात कारकून आहे. हुंगणं माझ्या कामात येत नाही, मी तक्ते भरतो.)

वास विभाग म्हणजे एक खोली. बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून तिच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या आहेत. एसी बारा महिने चालू असतो. त्याची जाळी उद्घाटनापासून कोणी काढलेली नाही, कारण काढली तर धूळ उडेल आणि नाकांना त्रास होईल. या खोलीत आमचे वासतज्ज्ञ एकवीस वर्षं बसले. साबणाची प्रत्येक खेप त्यांनी आधी डाव्या, मग उजव्या नाकपुडीने हुंगायची, ‘उत्तम’, ‘बरा’ किंवा ‘परत पाठवा’ असा शेरा द्यायचा, आणि मगच माल बाहेर पडायचा. माणूस भलता सचोटीचा. सख्ख्या मेहुण्याने नवं अत्तर लावून विचारलं, तर त्यालाही ‘परत पाठवा’ म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं नाक चोंदलं. कपाळ जड झालं, गालांची हाडं ठणकू लागली, वाकलं की डोक्यातला दगड पुढे घरंगळायचा. वरची दाढ दुखते म्हणून दंतवैद्याने ती काढलीसुद्धा (दाढ चांगली निघाली). शेवटी वास गेला. डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत निदान केलं : नाकाला आणि त्यामागच्या पोकळ्यांना सूज. कारणं : बंद खोली, गार कोरडी हवा, धूळ. उपचार : वाफ, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, लिहून दिलेला फवारा, आणि महिनाभर त्या खोलीत पाऊल न टाकणं.

पण रजेला कारण लागतं, आणि आमचं कलम सतरा स्वच्छ आहे : ज्याचं नाक बिघडलं, त्याची बदली गोदामात. गोदामात सोड्याच्या पावडरीची पोती असतात. (तिथे गेलेलं नाक परत आल्याची नोंद नाही. नोंदी मीच ठेवतो.)

“एकवीस वर्षं वासावर जगलोय,” तज्ज्ञ मला म्हणाले. “पोती मोजत नाही मरायचं मला.” मला फार वाईट वाटलं. मी तक्ता पुढे केला.

आजार गुप्त ठेवायचा ठरल्यामुळे कारखान्यातल्या सगळ्यांनी उपचार सुचवले. एकूण सूचना त्रेचाळीस. पैकी एकमेकींच्या विरुद्ध अडतीस. डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याशी जुळणाऱ्या दोन, त्याही चुकून. शिपायाने स्वतःच्या अंगठादुखीतल्या उरलेल्या गोळ्या आणून दिल्या. तज्ज्ञांच्या साडूंनी दुकानातला दुसराच फवारा दिवसातून दहादा मारायला लावला. त्याने नाक पहिल्या दिवशी मोकळं झालं आणि सहाव्या दिवसापासून आणखी घट्ट बसलं. (सल्ला देणाऱ्याचं काय जातं.)

अशात खेप क्रमांक दोनशे बारा आली. तिच्यातलं तेल खवट होतं, आणि आठवडाभर पिशवीत राहिलेल्या ओल्या मोज्यांसारखा वास येत होता. तज्ज्ञांना तो येतच नव्हता. पण त्यांनी एव्हाना पद्धत बसवली होती : वडी हुंगायची आणि शेजारी बसणाऱ्या साहाय्यिकेचा चेहरा बघायचा. तिने नाक मुरडलं तर माल परत. पद्धतीत खोट नव्हती. फक्त साहाय्यिकाही त्याच खोलीत सहा वर्षं बसलेली. तिचं नाक त्यांच्या महिनाभर आधीच गेलं होतं आणि ती त्यांचा चेहरा बघत होती. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघंही हसले. मी ‘उत्तम’ लिहिलं. (वास मला आला होता. पण तक्त्यात कारकुनाच्या नाकाला रकाना नाही.)

व्यवस्थापकांनी वडी हुंगली, दचकले, शेरा वाचला आणि स्वतःचं नाक डॉक्टरांना दाखवून आले. जाहिरात विभागाने ‘जाणकारांचा सुगंध’ असं वेष्टनावर छापलं, खाली तज्ज्ञांची सही. ग्राहकांच्या पाहणीत शंभरातल्या ब्याण्णव जणांना वास ‘वेगळा’ वाटला, सहा जणांना ‘भारदस्त’. उरलेल्या दोघांना सर्दी होती. खप दीडपट झाला.

इकडे तज्ज्ञांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्रेचाळीस सूचना केराच्या टोपलीत टाकल्या. गावाला जायचंय असं सांगून नवऱ्याला महिन्याची सुट्टी घ्यायला लावली आणि रोज दोन वेळा समोर उभं राहून मिठाच्या पाण्याने नाक धुववून घेतलं. चौथ्या आठवड्यात, आंघोळ करताना, नाक उघडलं. आधी त्यांना आनंद झाला, मग वास आला.

“ही घाण आपण कधीपासून वापरतोय?”

“तीन महिने झाले.”

“मग बोलली का नाहीस?”

“कागदावर तुमची सही आहे,” वहिनी म्हणाल्या. “मला वाटलं, मलाच कळत नाही.”

तज्ज्ञांना गप्प बसता आलं असतं. मी तसं सुचवलंही. पण ते सरळ व्यवस्थापकांकडे गेले आणि चोंदलेल्या नाकापासून खवट तेलापर्यंत सगळं सांगून मोकळे झाले.

व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना जो वास आवडतो, तो तुम्हाला घाण वाटतो?”

“हो.”

“कधीपासून?”

“परवापासून. नाक बरं झाल्यापासून.”

“बरं झालंय की बिघडलंय,” व्यवस्थापक म्हणाले, “ते कलम सतरा ठरवेल.”

बदलीचा हुकूम मीच टाइप केला. जेवणाच्या सुट्टीत मी गोदामात डोकावतो. तज्ज्ञ पोती मोजत, शिंकत असतात. “अजून येतोय वास,” एवढंच सांगतात. मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटते.

साबण मात्र जोरात आहे. तुमच्याही न्हाणीघरात असेल. मघाशी वाचता वाचता तुम्ही हळूच हात नाकाशी नेलात, मग घरातलं कोणी काही बोलतंय का ते पाहिलंत. कोणी बोललं नाही, तेव्हा हात खाली घेतलात. वासतज्ज्ञाची जागा सध्या रिकामी आहे. अर्ज करायची तसदी घेऊ नका, तक्त्यात तुमचं नाव मी भरलंय.