थोरलं कार्ड, धाकटं कार्ड

दोन खोकी टेबलावर आपटून साहेब म्हणाले, "दाजी, यातलं एकच ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. कोणतं, ते तुम्ही तपासून सांगा. मला त्यातलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही."

अजून न बांधलेल्या घरांची चित्रं तयार करणारं ते ऑफिस होतं. बिल्डर नकाशे द्यायचे. समोरच्या टेबलावरच्या बाई त्या नकाशातल्या भिंतींना रंग द्यायच्या, फरशीला चकाकी आणायच्या. मग दाजी खिडकीतून ऊन आत सोडायचे आणि चित्र कॉम्प्युटरवर शिजायला, म्हणजे पुरं तयार व्हायला, ठेवायचे. जुन्या कार्डावर एक दिवाणखाना शिजायला सबंध दुपार लागायची. दाजींचा निम्मा पगार त्या दुपारचाच होता, असं कुणी म्हटलं असतं तर दाजी चिडले असते, कारण ते खरं होतं.

दाजी हे त्यांचं नाव नव्हे. कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा त्यांचा मेहुणा एकदा ऑफिसात आला आणि दारातूनच "ओ दाजी!" म्हणून ओरडला. त्या दिवसापासून ते सगळ्यांचेच दाजी झाले. त्यांच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा तीच हाक मारू लागले. ही दोन कार्डंही मेहुण्यानेच, "वापरून बघा, मग ठरवा," म्हणून पाठवली होती.

दाजी कामाला लागले. थोरल्या कार्डाची मेमरी धाकट्याच्या दुप्पट, हिशोब करणारे कोअर जवळजवळ दुप्पट. वीज जास्त खायचं आणि लांबीला एवढं, की कॅबिनेटचं झाकण लागेना. पण वेग! धाकट्यावर दिवाणखाना दुपारच्या चहाआधी शिजला. थोरल्यावर तो शिजायला ठेवून दाजी तोंड धुवायला गेले आणि येऊन बघतात तर सोफ्यावर ऊनसुद्धा पडलेलं.

"बाई, बघितलंत का? याला म्हणतात कार्ड!"

बाईंनी बघितलं. मग खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "आणि उरलेल्या दुपारी आपण काय करायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, दाजी, की साहेबांना हे दिसलं तर ते पुढचा हिशोब करतील. तेवढं गणित त्यांना येतं."

दाजी हसले, पण डबा त्यांना गोड लागला नाही. मुलीचं कॉलेज व्हायचं होतं, आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? जेवण झाल्यावर त्यांनी खोलीत कुणी नाही असं पाहिलं आणि थोरल्या कार्डाच्या पंख्यांचा वेग अगदी तळाला आणून ठेवला. पंखे मंद झाले की कार्ड तापतं, आणि तापलं की जीव वाचवायला आपणच हळू चालतं. खोटं एक अक्षर बोलायला नको, सगळं कार्डच बोलेल, असा दाजींचा विचार होता.

कार्ड जरा जास्तच बोललं. साहेब चाचणी बघायला एका बिल्डरला घेऊन आले. धाकट्याने आपलं चित्र बरं काढलं. थोरलं निम्म्यापर्यंत रखडत आलं, मग तापलेल्या प्लॅस्टिकचा वास सुटला, पडदा काळा झाला आणि मशीनच बंद पडलं. जाताना त्या मशीनने बिल्डरच्या सतरा मजली इमारतीची फाइलही सोबत नेली.

"हे कार्ड आहे की इस्त्री?" बिल्डर म्हणाला.

साहेबांनी तिथूनच मेहुण्याला फोन लावला. फोन ठेवताना ते म्हणाले, "सडका माल खपवतोस आणि तेही आपल्याच दाजींच्या गळ्यात!" मग इमारतीतल्या प्रत्येक ऑफिसात जाऊन त्यांनी हे सांगितलं. साहेब तसे आळशी होते, पण हे काम त्यांनी जिने चढून केलं.

मेहुण्याच्या ठरलेल्या ऑर्डरी एकेक करून रद्द व्हायला लागल्या. घरी बायको ताट वाढायची ते आवाज करून.

"माझ्या भावाने आजवर कुणाला बनवलं नाही. आणि तुम्ही तिथे असून एक शब्द बोलला नाहीत?"

"मी काय बोलणार?"

"एवढे जाणकार ना तुम्ही! सांगायचं होतं, कार्ड चांगलंय म्हणून."

दाजींनी भाताकडे पाहिलं. पंख्याची गोष्ट सांगावी तर घरातून जायचं, न सांगावी तर मेहुण्याचं दुकान जायचं. दोन दिवसांनी मेहुणाच आला. त्याने एक शब्द वावगा काढला नाही. "दाजी, तुम्हाला माझ्यामुळे ऑफिसात मान खाली घालावी लागली," एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर दाजींना सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन त्यांनी पंखे पूर्ववत केले आणि साहेबांना गाठलं.

"साहेब, त्या दिवशी हवा नीट खेळत नव्हती. पुन्हा एकदा चाचणी घेऊ. मेहुण्यालाही बोलवा आणि बिल्डरलाही."

बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की दाजींनी पुढे दिवसभर तिकडे मान वळवली नाही.

चाचणी झाली. थोरल्या कार्डाने दिवाणखाना काढला, झोपायच्या खोल्या काढल्या, जिना काढला आणि कुणी न मागितलेली गच्चीही काढली. धाकटं अजून पहिल्या सोफ्यापाशीच होतं. बिल्डरने टाळी वाजवली. साहेबांनी मेहुण्याला मिठी मारली आणि पुन्हा प्रत्येक ऑफिसात जाऊन कार्डाचं कौतुक करायचं कबूल केलं. मेहुण्याचे डोळे भरून आले.

"दाजी," साहेब म्हणाले, "इतकी प्रामाणिक तुलना मी आयुष्यात पाहिली नाही. जरा केबिनमध्ये या."

केबिनमध्ये त्यांनी दाजींना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पुढचं गणित मांडलं. बाईंना रंगाची नजर होती, त्या राहणार होत्या. ऊन सोडायचं काम त्या दोन दिवसांत शिकतील, असं साहेबांना वाटत होतं. बाई एका सकाळीत शिकल्या. निरोपाच्या दिवशी त्या मनापासून रडल्या, मग डोळे पुसून दाजींची खुर्ची स्वतःच्या टेबलाशी ओढून घेतली. तिची चाकं चांगली होती.

घरी बायकोने साहेबांना पोटभर शिव्या दिल्या. "माझ्या भावासाठी उभे राहिलात म्हणूनच काढलं तुम्हाला," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगू लागली. मेहुण्याने तर हात धरून त्यांना दुकानात नेलं आणि काउंटरवर बसवलं.

"दाजी, कार्डांतला फरक तुमच्याइतका कुणाला कळतो?"

तेव्हापासून दाजी तिथे बसतात. परवा एक जण आला. हातात डबा, खिशाला पेन. आपल्या ऑफिसच्या साहेबांनी पाठवलंय म्हणाला. दाजींनी त्याच्यापुढे दोन कार्डं ठेवली, मेमरी सांगितली, कोअर सांगितले, वीज किती लागते तेही सांगितलं. त्याने दोन्ही खोकी उलटसुलट करून पाहिली.

"ते सगळं ठीक आहे हो. पण यातलं घ्यावं कुठलं?"

दाजींनी मागे वळून पाहिलं. मेहुणा फोनवर होता. मग ते काउंटरवरून पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"आधी मला सांगा, ऑफिसात तुम्ही माणसं किती?"