छत्तीसपैकी एकेचाळीस

मी आयुष्यभर मधलं घेत आलो. शर्टाचं कापड मधलं, सिनेमाचं तिकीट मधलं, लग्नाच्या पंगतीत जागासुद्धा मधली. (बायकोही तिघी बहिणींतली मधलीच. हे तिला सांगू नका, तिला वाटतं मी तिला निवडलं.) त्यामुळे एकोणनव्वदच्या मे महिन्यात सीताबर्डीच्या भैय्याजींनी माझ्यासमोर कॉम्प्युटरचे तीन मदरबोर्ड मांडले, तेव्हा माझा हात आपोआप मधल्यावर गेला. माझा गुन्हा म्हणाल तर एवढाच.

आता पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाला कॉम्प्युटर कशाला, असं तुम्ही विचाराल. आमची नीला, म्हणजे बायको, रोजच विचारायची. एका बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटचा जुना कॉम्प्युटर मी घरी आणला होता आणि दारावर पाटी लावली होती : ‘येथे कॉम्प्युटरवर पत्रिका व गुणमेलन करून मिळेल.’ एप्रिलच्या उन्हात त्याचा मदरबोर्ड जळाला. पाटी तेवढी शाबूत होती.

“सायेब, स्वस्तातला घ्यान तर रोज तुम्ही माह्या दुकानात येऊन बसान,” भैय्याजी म्हणाले. “महागातला घ्यान तर वहिनी येऊन बसतीन. हा मधला न्या, आठ दिवस वापरून पहा. नाही पटला तर वापस. अन् याच्यात एक गंमत आहे. हा डबीसारखा क्रिस्टल दिसते ना? हा बोर्डाले ताल देते. हा काढून हा दुसरा खोचला, का तोच बोर्ड दीडपट पळते. पण तापते बरं जी!”

दीडपट! आणि मधल्याच किमतीत! ‘तापते’ हा शब्द मला ऐकूच आला नाही.

घरी येऊन मी बोर्ड बसवला आणि त्याची शास्त्रशुद्ध परीक्षा सुरू केली. शेजारच्या कांताबाईंच्या नातवाची पत्रिका घेतली. जुन्या क्रिस्टलवर ती निघेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. नवा क्रिस्टल लावला, तर कप तोंडाला लावतो न लावतो तोच पत्रिका तयार! मी खुर्चीतून उडालोच. मग वाचली. नातवाची रास तेरावी निघाली होती.

“राशी तर बाराच असते ना?” मागून नीला म्हणाली.

“बोर्ड तापलाय. थंड झाला की बरोबर सांगेल.”

मी घरातला एकुलता एक कूलर ओढत आणला, त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं, पुन्हा पत्रिका काढली. रास मिथुन. एकदम बरोबर! कूलर बंद केला, रास चौदावी. चालू केला, मिथुन.

“म्हणजे तापला का फुगवून सांगते हा,” नीला म्हणाली.

“ही तांत्रिक बाब आहे. तुला नाही कळायची.”

“नाही कळत बाप्पा मले. पण मे महिन्यात पोरं घामानं निथळून राहिली, अन् कूलर त्या डब्ब्याले काहून?”

मी कूलरमध्ये आणखी एक बादली पाणी ओतलं.

आता खरी गोष्ट ऐका. माझी धाकटी मेहुणी प्रेमिला कळमन्याच्या बाजार समितीत कारकून होती. शेजारच्या टेबलावर सावनेरचा अनंत. दोघांचं जमलं होतं, आणि हे साऱ्या धान्यबाजाराला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त अनंतच्या आजोबांना, चंपतरावांना. त्या घरात शब्द चालायचा तो त्यांचा, आणि पत्रिका जुळल्याशिवाय ते कोणाच्या घरचं पाणीही पीत नसत. अनंतसाठी आलेल्या चांगल्या चार पोरी त्यांनी गुणांवरून परत पाठवल्या होत्या.

रविवारी आमच्याकडे पाहण्याचा कार्यक्रम ठरला. नीलानं ओळखीच्या जोशीबुवांना बोलवायचं ठरवलं होतं. बुवा समजूतदार होते, मुलीचा चेहरा बघून गुण मोजायचे. पण मला कुठं गप्प बसवतं! चंपतरावांना मी परस्पर निरोप धाडला की पत्रिका आमच्या कॉम्प्युटरवर पाहू, तो कोणाची भीड धरत नाही. म्हातारा बेहद्द खूश झाला. नीलानं कपाळावर हात मारला.

“अहो, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे! काही इकडचं तिकडं झालं ना, तर मी माहेरी काय तोंड दाखवू?”

“भाऊजी, सोपं करून द्या ना काहीतरी,” प्रेमिला कुजबुजली. डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. मलाही गलबलून आलं. पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

रविवारी भर दुपारी पाहुणे आले. चंपतराव बैठकीत धोतराच्या सोग्यानं वारा घेत बसले. पोहे झाले, सरबत झालं. चंपतरावांनी कशालाही हात लावला नाही. “पहिले गुण,” ते म्हणाले.

मी दोन्ही पत्रिका घेऊन आतल्या खोलीत गेलो. कूलर घोंघावत होता, बोर्ड गारेगार. आकडे भरले, बटण दाबलं. पडद्यावर आलं : गुण ११.

दारात उभ्या प्रेमिलानं ते वाचलं आणि मटकन खाली बसली. तेवढ्यात नीला आत आली. एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग शांतपणे कूलरचा प्लग काढला.

“अगं, कूलर कुठे नेतेस?”

“पाहुण्यांले उकडून राहिलं.”

आणि तो कूलर तिनं बैठकीत नेलासुद्धा. वर आजोबांना म्हणाली, “आबाजी, तुम्ही सोता पहा ना जी कॉम्प्युटर कसा चालते ते! पण आरामात या, आधी जरा गार वाऱ्यात बसा.”

बोर्ड पुरता तापेपर्यंत तिनं म्हाताऱ्याला सावनेरच्या कापसाचं, पावसाचं, संत्र्याचं विचारलं. मला मात्र वाटलं, काय ही बाई! इथे पोरीचं लग्न मोडतंय आणि हिला कापूस सुचतोय!

शेवटी चंपतराव खुर्ची घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

गुण ४१.



“किती पैकी हे?” चंपतरावांनी विचारलं.

“छत्तीसपैकी,” मी म्हणालो. खोटं बोलण्याची वेळ आली की माझ्या तोंडून नेमकं खरंच निघतं. “आजोबा, त्याचं काय आहे, हा बोर्ड तापला की...”

नीलानं माझ्या पायावर पाय दिला. असा दिला की पुढचं वाक्य माझ्या घशातच राहिलं.

चंपतराव डोळे मिटून बसले. आता हा म्हातारा उठणार, टोपी घालणार आणि सावनेरची बस पकडणार, याची मला खात्री पटली. प्रेमिलानं तर पदर तोंडात धरला होता.

“आमच्या इकडे तीस गुण जमले तरी पेढे वाटते लोकं,” ते सावकाश म्हणाले. “एकेचाळीस! मशीन आहे गा. छत्तीस पत्रिकेचे, अन् वरचे पाच पोरीच्या वळणाचे धरले असन त्यानं. काय वं पोरी, पाणी आण मले!”

प्रेमिला पाणी आणायला जी धावली, तिनं वाटेत माझा दुसरा पाय तुडवला. अनंत बैठकीत एकटाच खुळ्यासारखा हसत होता. मी लंगडत पेढे आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी भैय्याजींची मुदत संपत होती. बोर्ड ठेवायचा की परत करायचा? संध्याकाळी मी माझा निकाल नीलाला ऐकवला : किंमत वाजवी, वेग उत्तम, पण भरवसा नाही. परत करतो.

“थांबा,” ती म्हणाली. “आधी आपली टाका.”

आमच्या लग्नात पत्रिका पाहिल्याच नव्हत्या. सासऱ्यांनी माझी सरकारी नोकरी पाहिली आणि डोळे मिटले होते. मला बायकोचा अचानक पुळका आला. म्हटलं, एवढं केलंय तिनं, होऊ दे एकदाची खूश. आपले पन्नास तरी येऊ देत! मी हळूच कूलरचं तोंड फिरवलं, जोराचा क्रिस्टल खोचला, बोर्ड चटका बसेल इतका तापू दिला आणि ऐटीत बटण दाबलं.

गुण ७.

“तो... तो तापलाय ना,” मी घाईघाईनं म्हणालो. “थंड करून पाहू!”

“राहू द्या,” नीला म्हणाली. “तापला का फुगवून सांगते ना हा? म्हणजे हे फुगवलेले सात आहेत.”

मग तिनं कूलर उचलला आणि पोरांच्या खोलीकडे निघाली. दारातून वळून म्हणाली,

“बोर्ड वापस नका करू जी. चांगला आहे.”