दरी कोण्या बाजूनं?

डोंगरातून जाणारी रेल्वे निवडायची म्हणून बद्रीकाकांनी बदनापूरची तिकिटं काढली. जालन्याहून बदनापूरला जाताना वाटेत डोंगर सोडाच, धड चढही लागत नाही.

"उगवण बघितल्याबिगर माल उचलायचा न्हाई," असं ते म्हणतात.

काका आमचे शेजारी. घराणं राजस्थानातून आलेलं, पण इतक्या पिढ्यांपूर्वी की त्यांची मराठी आमच्याहून ठसठशीत आहे. जन्मभर बियाण्याचं दुकान चालवलं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, किती उगवले ते मोजायचं आणि मगच पोती उचलायची. दुकान आता मुलाकडे गेलं, सवय काकांकडेच राहिली. नवा पंखा ते आठवडाभर चालवून बघतात आणि मग दुकानदाराला पसंती कळवतात. होणाऱ्या जावयालाही त्यांनी आधी चार दिवस गल्ल्यावर बसवलं होतं. संध्याकाळी काकींबरोबर फिरायला जातात, तेव्हा परत फिरताना लगबगीनं वळसा घालून त्यांच्या दुसऱ्या बाजूला येतात. हाही एक विक्षिप्तपणा, असं मी धरून चालले होते.

मी फारसं बोलत नाही, त्यामुळे लोकांना मला कामं सांगणं सोपं जातं.

"ए इंग्लिशवाली, इकडं ये. हे वाच जरा."

यंदा दिवाळी झाली की काकींना डोंगरातली रेल्वे दाखवायचीच, असं काकांनी ठरवलं होतं. प्रवाशांनी इंग्रजीत लिहिलेलं मी मोबाईलवर वाचायचं आणि मराठीत सांगायचं. मी बोगदे, पूल, धुकं सगळं मन लावून सांगत होते. काका मधेच तोडायचे.

"ते राहू दे. दरी कोण्या बाजूनं?"

शिमल्याची दरी कधी या बाजूला, कधी त्या. "धरसोड माल. पुढं." दार्जिलिंगची गाडी बाजारातून जाते. "बाजार इथं कमी हाय का?" उटीला चढताना दरी डावीकडे.

"बाद."

"पण काका, सगळे हिचंच कौतुक करतायत."

"करू दे. आपल्याला उजवीकडं पाहिजे. बिलकुल उजवीकडं."

हे पंधरा दिवस चाललं. मला वाटलं, वास्तुशास्त्राचं काहीतरी असेल.

शेवटी बदनापूरच्या गाडीत चाचणी ठरली. काका, काकी आणि मोबाईलसाठी मी. काकींना उजवीकडची खिडकी दिली, काका त्यांच्या डाव्या हाताला बसले, मी समोर. गाडी हलली तसे काका काकींच्या कानाशी वाकले.

"ते बघ, कापूस. ते शेततळं. बकऱ्या बघ, काळी पुढं पळून राह्यली."

"दिसून राह्यलं मला. आंधळी हाय का मी?" काकी म्हणाल्या, पण डोकं तसंच त्यांच्याकडे कललेलं ठेवलं.

काका माझ्याकडे वळले. "बराबर. उगवली."

मी धीर करून म्हटलं, "समोरासमोर बसलात तर कुठलीही बाजू चालेल ना?"

"समोरून वरडावं लागतं. हिचा उजवा कान कवाच गेला. डावाही उतरत चाललाय, पुढच्या साली किती राहील, डाक्टरलाबी ठाऊक न्हाई." काका म्हणाले. "वरडलं की सगळा डबा ऐकतो. मला काय डब्याला सांगायचंय?"

संध्याकाळी परत फिरताना काका घालतात तो वळसा आठवला.

"काका, उटीला वर बसनं जा," मी म्हटलं. "खाली येताना रेल्वेत बसा. उतरताना दरी उजवीकडे येते."

काकांनी बाजू पडताळायला तळहात उताणा धरला, पालथा केला, पुन्हा उताणा केला.

"काय म्हणती ओ पोरगी?" काकींनी विचारलं.

काका त्यांच्या डाव्या कानाशी वाकले.

मी तीनच वाक्यं बोलले होते. काका बदनापूर येईपर्यंत सांगत होते.