मुरंब्यावर उभं राहिलेलं विमान

साहेब, थरथरत होतं तुमचं विमान आणि शिक्षा केलीत नाण्याला.

प्रगतीचा नियम साधा आहे: हलतं ते जुनं, हलत नाही ते आधुनिक. पंख्याची विमानं हाडं खिळखिळी करत (आणि सुखरूप पोचवत, हा भाग वेगळा). तुमच्या कंपनीच्या नव्या जेटचं तसं नव्हतं. लंडनहून जोहान्सबर्गला निघालं, रोम मागे पडलं, की हवाई सेविका म्युरिएल ट्रेगिअर प्रवाशांपुढच्या टेबलावर अर्ध्या क्राउनचं नाणं काठावर उभं करायची. ते उभं राहायचं. प्रवासी टाळ्या वाजवून आणखी एक जिन मागवायचे.

एकदा खार्टूमच्या अलीकडे नाणं पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. म्युरिएलच्या तळपायांना झिणझिण्या आल्या. परतल्यावर तिनं सांगितलं, आणि तुम्ही तत्परतेनं समिती नेमलीत. (सदस्य सात. चौघांना गाडीसारखं विमानही लागतं, बाकीचे बोटीनंच जातात.) समितीच्या मते नाण्यावरची राणी गादीवर नवी, तिला उंचीची सवय नसावी. हा राजद्रोह ठरेल हे ध्यानात येताच निष्कर्ष मागे घेतला गेला आणि नाण्याखाली संत्र्याचा मुरंबा लावायचं ठरलं. मुरंबा न्याहारीला असतोच. विमानाची स्थिरता त्याच आठवड्यात शंभर टक्क्यांवर गेली.

"साहेब, नाणं नाही हो, खालची फरशी थरथरतेय," म्युरिएल म्हणाली. "पायांना कळतं. एकदा उघडून तरी बघा."

"उघडलं तर लोकांना वाटेल, काहीतरी बिघडलंय," तुम्ही म्हणालात आणि सगळ्या सेविकांना जाड रबरी तळाचे बूट वाटलेत. पायांची तक्रार थांबली.

पुढच्या खेपेला म्युरिएलनं बूट काढले, मुरंबा पुसला आणि सगळ्यांदेखत नाणं ठेवलं. ते पडून घरंगळत तिसऱ्या रांगेत गेलं. तिथल्या गृहस्थांनी ते उचलून तिच्या हातात दिलं.

"बाई, मागच्या खेपेची मुलगी झकास उभं करायची. तुम्हाला जमत नसेल तर तिलाच पाठवा." (मागच्या खेपेलाही हीच होती.)

उतरल्यावर त्यांनी तशी तक्रारही केली. म्युरिएलची नोकरी गेली. आज ती विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभी आहे. आत नवी मुलगी मुरंब्याची बरणी घेऊन जिना चढतेय.

साहेबांचं नंतर बघू. तिसऱ्या रांगेतले गृहस्थ, तोंड कुठं फिरवताय? मागच्या खेपेला नाण्याखालून ओघळलेला मुरंबा तुम्ही बोटानं चाटलात, मग टाळ्या वाजवल्यात. आज पुन्हा त्याच जागेवर बसला आहात. दार लागायच्या आत बूट काढा, पाय टेकवा आणि सांगा: थरथरतंय की नाही?